काळ्या काठाचं पाकीट

परंडा,
३ फेब्रुवारी २०२५

सौ. महेश्वरीस,
शरणु शरणार्थ.

ईरण्णाचा काल फोन आला होता. तुझा निरोप पोचला. अमेरिकेची सगळी पत्रं घरातून गेली तरच तू मुरूमहून परत येणार, नाहीतर तिकडंच राहणार. सांगताना तो बिचारा सारखा खाकरत होता. बहीण आणि दाजी यांच्यामध्ये सापडलेल्या माणसाचं कठीणच असतं.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. तू नेहमी म्हणायचीस, साऱ्या जगाची पत्रं गोळा करता, बायकोला कधी एक कार्ड टाकलं नाहीत. घे, हे आलं.

घरी ठीक आहे. दुकान वेळेवर उघडतो. उन्हाळी भुईमुगाचं बियाणं जातंय. भात जमतो, भाकरी जमत नाही. पहिली चिरते आणि दुसरी करायचा उत्साह राहत नाही. चहा मात्र अजून दोघांचा टाकला जातो. दोन्ही कप मीच पितो.

आता मुद्द्याचं. मैताचं पत्र घरात ठेवू नये, हे मला नव्यानं सांगायला नको. माझ्या वडिलांच्या वेळी असं कार्ड आलं की वर ‘श्री’ नसायचा आणि एक कोपरा फाडलेला असायचा. वडील ते दारातच उभं राहून वाचायचे, तिथंच फाडायचे आणि मग आत यायचे. आपल्या लिंगायतांत सुतक पाळत नाहीत, पण एवढं ते पाळायचे. का, असं विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं.

ते काळ्या काठाचं पाकीट मी श्रावणात आणलं. भूमच्या हिंमतरावांनी, त्यांच्याशिवाय या जिल्ह्यात जुनी पत्रं-तिकिटं जमवायचा हा नाद असलेला दुसरा माणूस मला माहीत नाही, नगरकडच्या एका रद्दीतून ते मिळवून दिलं होतं. अमेरिकेतल्या एका आईनं इकडं मिशनमध्ये आलेल्या आपल्या लेकीला लिहिलेलं. वर तीन सेंटचं लाल तिकीट, कात्रीनं वाकडंतिकडं कापलेलं, कारण त्या काळी, पावणेदोनशे वर्षांमागं, तिकिटाला भोकं पाडत नसत. तू ज्याला ‘तुमचा म्हातारा’ म्हणायचीस तो त्यांचा पहिला राष्ट्राध्यक्षच त्यावर. मिशनच्या बोस्टनमधल्या कचेरीपर्यंत तिकिटावर, तिथून पुढं जहाजानं. काळा काठ म्हणजे घरात कुणीतरी गेलंय, ही त्या लोकांची खूण. आपण कोपरा फाडतो तसं. एवढं मला माहीत होतं. कोण गेलंय ते मी वाचलं नव्हतं. आम्ही लोक आतलं वाचत नाही. आम्ही तिकीट बघतो आणि शिक्का बघतो. शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा कागदावर उमटलेला असला, म्हणजे ते तिकीट त्याच पत्राचं, याची खात्री पटते. म्हणून तर तिकीट पाण्यात भिजवून सोडवायचं नसतं. सोडवलं की ते कुणाचंच राहत नाही.

संक्रांतीला ईरण्णाची गायत्री भेटायला आली. ती इंग्रजी घेऊन एम. ए. करतेय म्हणून तू तिला ते पत्र वाचायला लावलंस. त्या बाईचा मुलगा गेला होता, असं निघालं. तू मला विचारलंस, हे घरात कधी आलं. मी म्हणालो, श्रावणात. आपला मुलगा दिवाळीनंतर गेला.

तू उठलीस. दारात जाऊन उभी राहिलीस, पाकिटाचे चार तुकडे केलेस, न्हाणीतल्या बंबात टाकलेस आणि डोक्यावरून अंघोळ केलीस. आरडाओरडा नाही, काही नाही. रोजचं काम केल्यासारखं. एवढी वर्षं टिकलेला कागद होता, महेश्वरी. जहाजात टिकला, वाळवीतून टिकला. मला राग येतोय का, ते मी तपासून बघितलं. येत नाही. काहीच येत नाही.

तर माझं म्हणणं असं. मैताचं होतं ते गेलं, बाकीच्यांचा काय दोष? मी एकेक पत्र वाचून काढतो. ज्यात मैत निघेल ते घराबाहेर. ज्यात नसेल ते राहू दे. चालेल का, ते ईरण्णाजवळ सांग.

तुझा,
शिवानंद

परंडा,
१६ फेब्रुवारी २०२५

सौ. महेश्वरीस,
शरणु शरणार्थ.

ईरण्णा म्हणाला, ताई काही बोलली नाही. नाही म्हणाली नाहीस, म्हणजे हो, असं मी धरून चाललोय. दुकानात गिऱ्हाईक गप्प बसलं की मी पिशवी भरायला घेतो, तसंच.

वाचन सुरू केलं आहे. तुला वाटेल मला इंग्रजी येतं. छापलेलं येतं. या लोकांचं हस्ताक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. त्यात कागद वाचवायला काय करायचे ऐक: पान भरलं की ते फिरवायचं आणि लिहिलेल्या ओळींवरूनच पुन्हा उभ्या ओळी लिहायच्या. खाटेची नवार विणल्यासारखं दिसतं. हे मी आजवर चिमट्यानं धरून लोकांना दाखवत आलो. वाचायचं म्हणजे काय दिव्य आहे ते आता कळलं. म्हणून गायत्रीला मोबाईलवर फोटो पाठवतो आणि ती मराठीत सांगून आवाज पाठवते. पोरगी चिकाटीची आहे. तिला पुढच्या दिवाळीत साडी घ्यायची आठवण ठेव.

पलंगावर दोन ढीग केलेत. डावीकडं मैताची, उजवीकडं बाकीची.

पहिलं पत्र उघडलं, त्यात एक बाई दुसरीला लोकरीचं कापड मागते. छान. उजवीकडं ठेवणार, तर शेवटच्या ओळीत तिची शेजारीण बाळंतपणात गेलेली. डावीकडं. दुसऱ्यात चर्चची चूल धूर करते म्हणून चार ओळी तक्रार, आणि मग चुलता गेला. तिसऱ्यात गाय गेली. मी गायत्रीला फोन करून विचारलं, गाय गेली तर ते मैताचं धरायचं का? ती म्हणाली, “मामा, आत्याला विचारा.” विचारतोय. सध्या गाय दोन ढिगांच्या मध्ये ठेवली आहे.

एक भाऊ दुसऱ्याला लिहितो की तुझी खोकल्याची तक्रार कमी झाली का, गरम कपडे घाल, इकडचं औषध पाठवतो. पाकिटावर दुसऱ्याच हातानं लिहिलंय की माणूस हयात नाही, पत्र परत. मी हे पाकीट गेली कित्येक वर्षं मिरवत होतो. परत गेलेलं पत्र म्हणजे दोन शिक्के, आणि दोन शिक्के म्हणजे आमच्यात मोठी गोष्ट. शिक्का कशामुळं बसला ते बघायची मला गरज पडली नाही.

गायत्रीचा आवाज मधेच भरून येतो. ती थांबते, पाणी पिते, पुढं सांगते. मी ऐकत बसतो. मला काही होत नाही. हे तुला लिहिताना लाज वाटायला हवी होती, तीही वाटत नाही. गावात लोक म्हणतात, शिवानंदअप्पांनी धीरानं घेतलं. मी मान हलवतो. धीर वगैरे काही नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि गाल आपला वाटत नाही, तसं आहे सगळं. फक्त उतरायचं नाव नाही.

डावीकडचा ढीग वाढतोय. त्या काळी माणसं फार मरायची, असं म्हणू का? तसंही नसावं. माणूस पत्र केव्हा लिहितो, हा प्रश्न आहे.

तुझ्या आईची, सिद्धम्मांची, कंबर कशी आहे? त्यांना माझा शरणार्थ सांग.

शिवानंद

परंडा,
२ मार्च २०२५

सौ. महेश्वरीस,
शरणु शरणार्थ.

शिवरात्र झाली. तू नव्हतीस म्हणून मी उपास केला नाही, आणि केला नाही म्हणून कुणी बोललंही नाही. देवळात गेलो, रांगेत उभा राहिलो, बेल वाहिला, आलो.

वाचन संपलं. सगळी डावीकडं गेली, एक सोडून. तेवढं एकच उजवीकडं उरलंय. गाय मी सोडवू शकलो नाही; तिच्या मालकाचा बाप त्याच पत्रात पुढच्या पानावर गेला आणि प्रश्नच मिटला.

जे उरलंय ते फार साधं आहे. एक म्हातारा शेतकरी दूरच्या गावी दिलेल्या लेकीला लिहितो. बर्फ उशिरा वितळलं. तिकडं एका झाडाचा रस काढून त्याची काकवी करतात, ती यंदा चांगली झाली. लाल गाय व्यायली. मागच्या खोलीतली खाट गड्याला दिली. चुलीची चिमणी बदलली. आई बरी आहे, फारशी बोलत नाही. संपलं. यात मैत नाही. तिकीटही चांगलं आहे, चारी बाजूंनी कोरी किनार राहिलेलं. हे एवढं राहू दे, अशी माझी विनंती.

बाकीच्यांचं काय, ते सांगतो. मी भूमला हिंमतरावांकडं जाऊन आलो. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, माझ्याकडं आणून ठेवा, वहिनी आल्या, वर्ष-सहा महिने गेले की एकेक करून परत न्या, त्यांना काय कळतंय. मला पटलं, खोटं कशाला सांगू. एसटीत बसून मी मनातल्या मनात कुठलं आधी परत आणायचं तेही ठरवलं. मग परंड्याचा किल्ला दिसायला लागला आणि तुझं बोलणं आठवलं.

ते बोलणं आपण दोघांनी पुन्हा काढलेलं नाही. मीच काढतो. तू अंघोळ करून आलीस तेव्हा मी बंबासमोर बसलो होतो. राखेत हात घालून बसलो होतो आणि रडत होतो. मोठ्यानं. गायत्री घाबरून अंगणात गेली होती. तू ओल्या केसांनी उभी होतीस आणि म्हणालीस, “पोरगं गेलं तवा तुमच्या डोळ्याला पानी न्हाय आलं. ह्या कागदापायी रडलाव.” दुसऱ्या दिवशी तू पिशवी भरलीस.

  तू म्हणालीस ते जसंच्या तसं खरं आहे. घरात एवढी माणसं आली, सगळ्यांनी माझ्या गळ्यात पडून रडून घेतलं आणि मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत होतो. जणू मैत त्यांच्याकडं झालं होतं. बायका तुझ्या कानात काय कुजबुजत होत्या ते मला कळत होतं. तुला लाज वाटली असेल माझी.

म्हणून आता हिंमतरावांना शब्द देतोय तो कायमचा. पत्रं त्यांची झाली. परत आणणार नाही. पुढच्या आठवड्यात नेऊन देतो. एक ठेवू का, तेवढं सांग. म्हाताऱ्याचं, गाईचं.

आणि केव्हा येतेस तेही सांग. मी तुला न्यायला बार्शीपर्यंत येईन.

शिवानंद

मुरूम,
१० मार्च २०२५

शरणु.

तुमची तिन्ही पत्रं पोचली. सातवी शिकलेल्या बाईचं पत्र हाय, चुका काढत बसू नका.

म्या तुमची पत्रं दोन-दोनदा वाचली. आई म्हनली, काय लिवलंय. म्या म्हनलं, भाकरी चिरते आन गाय मेली.

ते म्हाताऱ्याचं पत्र गायत्रीनं मला सगळं वाचून दाखवलं. तुमी म्हनता त्यात मैत न्हाय. हाय की. मागच्या खोलीतली खाट गड्याला दिली, ती खाट कुनाची व्हती? आई बरी हाय, बोलत न्हाय, ती का बोलत न्हाय? म्या गायत्रीला म्हनलं, त्याच म्हाताऱ्याची आनखी पत्रं हायती का बघ तुज्या मोबाईलवर. हाय म्हनली. तुमच्या डाव्या ढिगात हाय, त्यात कुनी शेजारी गेला म्हनून. आदल्या सालचं. त्यात त्याचं पोरगं बर्फात जाऊन आजारी पडलंय. दोनी पत्रं तुमच्या घरात एका डब्यात व्हती आन तुमाला दिसलं न्हाय. तुमाला तिकीट दिसलं.

त्या म्हाताऱ्याचा मला राग न्हाय आला. त्याच्या बायकोला आला आसंल.

तुमची तीन पत्रं झाली. तिन्हीत कुमारचं नाव न्हाय. एकदा बी न्हाय. बंबाचं लिवलं, बेलाचं लिवलं, हिंमतरावाचं लिवलं. म्या बोट लावून बघितलं. तुमी ‘मुलगा’ म्हनता, ते बी एकदाच.

ती पत्रं ठेवा न्हायतर देऊन टाका. म्या रागानं बोलले व्हते. कागदानं कुनी मरत न्हाय, एवढं मला बी कळतंय. पन मला दुसरं काय फाडता येत व्हतं? 

मला कुमारचं लिवा. मग बघते.

महेश्वरी

परंडा,
१५ मार्च २०२५

महेश्वरी,

कुमार गेला. आपला कुमार. नाव लिहिलं, आणि मग पेन ठेवून दुकानात जाऊन बसलो. कांद्याचं बी मागायला एक जण आला होता, त्याला दिलं आणि पुन्हा येऊन बसलोय.

त्या दिवशी सकाळीच लाईट आली होती. ज्वारीला पाणी द्यायचं होतं. कुमारनं शिळी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, ते तू बघितलंस. जाताना तो मला म्हणाला, “अप्पा, तुमी बसा, मी बघतो मोटारीचं.” मी बरं म्हणालो आणि पेपर वाचत बसलो. मला काही वाटलं नव्हतं. लोक सांगतात मनात पाल चुकचुकली, डोळा लवला. माझं काही लवलं नाही. स्टार्टरची पेटी ओली होती. शेजारच्या मळ्यातल्या माणसांनी त्याला लाकडानं बाजूला केलं आणि मग मला फोन केला. मी पोचलो तेव्हा तो बांधावर निजवलेला होता. चपला पायात नव्हत्या. मी त्या शोधत फिरलो. लोक म्हणत होते, अप्पा, राहू द्या. मी म्हणत होतो, अनवाणी कसा नेऊ. एक सापडली.

इथपर्यंत तुला थोडंफार माहीत आहे. पुढचं माहीत नाही. तुला बायकांनी घरातच धरून ठेवलं होतं, आणि मी तुला कधी सांगितलं नाही. ईरण्णानंही सांगितलं नसेल.

आपल्यात माणसाला बसवून माती देतात. वडिलांच्या वेळी मी वर उभा होतो, मला त्यातलं काही कळलं नव्हतं. कुमारच्या वेळी स्वामी म्हणाले, दोघं जण खाली खड्ड्यात उतरा. मी आणि ईरण्णा उतरलो. त्याला मांडी घालून बसवला. हातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं. कुमार उंच होता, तुझ्या माहेरच्या वळणाचा. तो बसेना. पाठ सोडली की पुढं येत होता. ईरण्णानं खांदा धरला. मी उजवा हात त्याच्या पाठीला लावला आणि डाव्यानं कपाळ धरलं. मग वरून मीठ, विभूती, बेल आणि माती सोडायला लागले. स्वामी वरून म्हणाले, खांद्यापर्यंत माती येऊ द्या, तोवर सोडू नका.

माझ्या डोक्यात तेव्हा दुसरं काही नव्हतं. हा कलायला नको, एवढंच होतं. त्याचे केस माझ्या हनुवटीला लागत होते. खोबरेल तेलाचा वास येत होता, तू सकाळी लावलेल्या. मला रडू येत होतं, महेश्वरी.  पण माणूस रडला की हलतो. मी हललो असतो तर हात हलला असता. म्हणून मी ते गिळलं. आता नंतर, असं मनाशी म्हणालो. वर गेल्यावर. घरी गेल्यावर. महेश्वरीजवळ गेल्यावर. माती कमरेला आली, छातीला आली. हाताला मुंग्या आल्या. मग हात आहे की नाही तेच कळेना. त्यानंतर मी वर आलो, घरी आलो, तुझ्यासमोर आलो आणि माझ्याकडं काहीच नव्हतं. मी आत शोधत होतो. तू माझ्याकडं बघत होतीस आणि मी शोधत होतो.

संक्रांतीला तू दारात कागद फाडलास, तेव्हा माझे दोन्ही हात मोकळे होते. कुणाला धरायचं नव्हतं. मी कागदासाठी रडलो की कशासाठी रडलो, ते मला ठरवता येत नाही. कागदाचंही दुःख झालंच, नाही म्हणणार नाही. मी तसाच आहे. पण तू विचारलंस म्हणून सांगतो, त्या वेळी मला राखेचा वास आला नव्हता. खोबरेलाचा आला होता.

हे लिहिताना रडलो, असं लिहिलं तर तुला बरं वाटेल. नाही रडलो. येईल तेव्हा येईल. तू इथं असलीस तर येईल असं वाटतं, पण तेवढ्यासाठी ये म्हणत नाही. पत्र पोचायला वेळ देतो आणि पुढच्या सोमवारी पहिल्या गाडीनं मीच मुरूमला येतोय. पत्रं तशीच पलंगावर पडली आहेत, त्यांचं तू सांगशील ते करू.

माझ्यावर विश्वास बसत नसेल तर मी पोचायच्या आधी ईरण्णाला विचार. माती खांद्याच्या वर गेली तरी मी कुमारच्या पाठीवरचा हात सोडत नव्हतो. वरून सगळे ओरडत होते. शेवटी ईरण्णानं मनगट धरून तो ओढून काढला. मी काढला नाही.

शिवानंद